संज्ञापन, संस्कृती आणि डिजिटल माध्यमं हा पेपर मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवायचा कसा?

तासिकावाली_पुणे:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण ज्यांनी कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकवलंय किंवा शिकलंय त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

यंदा जुलैपासून पुण्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लागलेय. पेपर वर लिहिलाय तोच, एसवायला म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, 2 क्रेडिटचा, म्हणजे सेमिस्टरमध्ये 30 तास. वर्गात 52 पोरं. निम्म्याहून जास्त बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, नगरकडची, बारावीपर्यंत मराठी माध्यम, इथे हॉस्टेलला नाहीतर पेठांत कॉट बेसिसवर राहतात. सिलॅबस इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. परीक्षा मराठीत लिहिता येते पण मराठीत वाचायला देता येईल असं माझ्याकडे फारसं काही नाहीये.

पहिले तीन आठवडे मला जसं शिकवलं गेलं तसंच मी शिकवलं. फळ्यावर निरोप कसा जातो ते दाखवणाऱ्या शॅनन-वीव्हरच्या आकृतीतल्या चौकटी काढल्या, प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, मधे बाण, बाणाखाली 'गोंगाट'. पोरांनी पट्टीने रेघा मारून, लाल पेनने मथळा देऊन सगळं नीट वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने अगदी साधेपणाने विचारलं, "मॅडम, संज्ञापन म्हणजे संवादच ना? मग एवढा अवघड शब्द कशाला?" आणि मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हटलं, आज त्याला आठवडा झाला.

तास संपल्यावर बाहेर आले तर तोच मुलगा व्हरांड्यात उभा. गावाकडून भावाने सोयाबीनच्या पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो पाठवलेला, याने तो तीन ग्रुपवर टाकलेला, एका ग्रुपवरून कुणाची तरी व्हॉइस नोट आली, ती त्याने दोनदा ऐकली आणि मग भावाला फोन करून कुठलं औषध मारायचं, कधी मारायचं, कृषी केंद्रवाला दुसरंच देत असेल तर काय म्हणायचं, हे सगळं समजावून सांगितलं. मी दहा मिनिटं बघत राहिले. म्हणजे या पोराला सगळं येतंय, पण ते माझ्या पेपरात कुठे बसतं हे मला सांगता येत नाहीये आणि याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

तर विचारायचं असं की सुरुवात त्यांच्या फोनपासून करायची की थिअरीपासून, इंग्रजी संज्ञांचं काय करायचं, आणि फोनपासून केली तर त्यात घरचं, जातीचं, गावचं असं बरंच काही वर येणार, ते वर्गात कसं सांभाळायचं?

जुने_मास्तर:

मॅडम, मी पंचवीसेक वर्षं हा विषय शिकवला, आता निवृत्त आहे. त्या मुलाने फार मोलाचा प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर देता देताच तुमचे पहिले चार तास होतील.

त्याला दवंडीचं उदाहरण द्या. दवंडी पिटणारा येतो, सांगतो, पुढच्या आळीत जातो. त्याला उलट कुणी काही विचारत नाही, विचारून उपयोगही नाही. लोकांना कळलं, म्हणजे ज्ञापन झालं, पण संवाद झाला नाही. पारावर किंवा कट्ट्यावर चालतो तो संवाद. दोन्ही संज्ञापनातच येतात. म्हणून मोठा शब्द लागतो. आपल्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या पत्रकारिता विभागाच्या नावातसुद्धा 'संज्ञापन' आहे, पण तिथून शिकून गेलेल्या कितीतरी जणांना तो शब्द कुणी फोड करून सांगितलेला नसतो.

आता पुढचं, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या चौकटी-बाणांत माहिती इकडून तिकडे जाते. पण पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा निवडुंग्या विठोबाच्या देवळापाशी तासभर उभं राहून बघा. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हणणाऱ्यांपैकी कुणालाही त्यातून नवी माहिती मिळत नसते. अभंग सगळ्यांना पाठ, पुढची ओळ सगळ्यांना ठाऊक. मग तिथे नेमकं काय होतं? माणसं आपण एक आहोत हे एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात. जेम्स केरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1975 साली हाच मुद्दा मांडला, की संज्ञापन म्हणजे नुसतं निरोप पोचवणं नाही, ते एखाद्या विधीसारखंही असतं, त्यातून समाज स्वतःला टिकवून धरतो. तुमच्या पेपरच्या नावात 'संज्ञापन' आणि 'संस्कृती' शेजारी शेजारी का आहेत ते पोरांना इथे कळतं. मग विचारा, तुमच्या मावशीचा रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर 'सुप्रभात' येतो त्यात माहिती काय असते? काहीच नाही. पण ती चार दिवस आली नाही तर ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, मावशी बरी आहे ना? वर्ग इथे हसतो, आणि हसला की समजायचं विषय पोचला. केरीचं नाव त्यानंतर फळ्यावर लिहायचं, आधी नाही.

दुसरा एक तास सांगतो जो मी दरवर्षी घ्यायचो. रविवारच्या पेपरमधलं वधू-वर सूचक पान घेऊन जायचो. 'गोरी, सुसंस्कृत, गृहकर्तव्यदक्ष', 'निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट', 'शेती असल्यास उत्तम, नोकरी आवश्यक'. प्रत्येकाने एक जाहिरात मोठ्याने वाचायची आणि ही तुमच्या आईने वाचली तर ती काय म्हणेल, बहिणीने वाचली तर काय म्हणेल, हे सांगायचं. एका वर्षी परभणीकडचा एक मुलगा 'शेती असल्यास उत्तम, नोकरी आवश्यक' हे वाचून थांबला आणि म्हणाला, सर, म्हणजे जमीन पाहिजे पण जमीन कसणारा नको. त्याच्या थोरल्या भावाचं लग्न तीन वर्षं जमत नव्हतं. वर्गात कुणी बोललं नाही बराच वेळ. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर, मी पण शेतकऱ्याच्या घरी दिलेलं नको म्हणते, कारण आईचे हात मी बघितलेत. एकच ओळ, दोघांची दोन वाचनं, आणि दोन्ही खरी. त्या दिवशी मी स्टुअर्ट हॉल हा ब्रिटनमधला माध्यमांचा अभ्यासक शिकवला. 1973 साली त्याने सांगितलं की संदेश घडवणारा एक अर्थ घालतो पण वाचणारा तो मान्य करू शकतो, थोडा घासाघीस करून घेऊ शकतो, किंवा साफ उलटा वाचू शकतो. इतकी वर्षं गेली, ती पोरं अजून भेटली की त्या तासाबद्दल बोलतात.

आता तुमचा तिसरा प्रश्न. यात माझ्या हातून एकदा चूक झालीय ती सांगतो म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. मी मुलांना आपापल्या घरच्या ग्रुपवरचे फॉरवर्ड आणायला सांगितले होते, त्यातला एक स्क्रीनशॉट प्रोजेक्टरवर लावला आणि वरच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव तसंच राहिलं. तो एका मुलीचा काका होता आणि मजकूर वर्गातल्याच काही मुलांच्या समाजाबद्दल वाईट होता. ती मुलगी पंधरा दिवस कॉलेजला आली नाही. मी तिच्याकडे माफी मागितली, पण जे झालं ते झालं. तेव्हापासून स्क्रीनशॉट बंद. फॉरवर्ड स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून आणायचा, नाव नाही, नंबर नाही, नातं नाही. हाताने लिहिताना पोरं तो मजकूर पहिल्यांदा नीट वाचतात, हा आणखी एक फायदा.

मुक्काम_नवी_पेठ:

मी विद्यार्थी म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यातली, सहा वर्षांपूर्वी पुण्यात याच विषयाला आले, आता एका कंपनीत मराठी कंटेंट लिहिते.

मॅडम, भाषेचं आधी सांगते. आम्हाला इंग्रजी शब्दांची भीती नसते हो, आम्ही दिवसभर अल्गोरिदम, रीच, स्टोरी, एंगेजमेंट म्हणतच असतो. भीती वाटते ती इंग्रजी वाक्याची. पाच ओळींचं एकच वाक्य, त्यात 'व्हिच' तीनदा, शेवटी कळत नाही कोण कुणाला काय म्हणालं. आमच्या एका मॅडम काय करायच्या, मूळ लेखाचं एकच पान द्यायच्या, आम्ही चौघंचौघं बसून ते मराठीत सांगायचो, लिहायचं नाही, नुसतं तोंडी सांगायचं, आपापल्या बोलीत. मग 'हेजेमनी'ला काय म्हणायचं यावर भांडणं व्हायची. आमच्यातला एक म्हणाला, पाटलाने न सांगता पण सगळे पाटलाच्या मनासारखं वागतात ते. आता याहून चांगली व्याख्या मला अजून मिळाली नाही. परीक्षेला संज्ञा लिहा पण समजून घ्यायला हीच भाषा वापरा, प्लीज.

फोनबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'तुमचा फोन' असं म्हणू नका. पुण्यात येईपर्यंत माझा फोन नव्हता, घरात एक होता तो भावाकडे. पुण्यात आल्यावर मिळाला तो पण सुट्टीत घरी गेले की भाऊ उघडून बघायचा. आमच्या वर्गातल्या दोन मुलींची इन्स्टावर दुसऱ्या नावाची अकाउंट्स होती. मीडिया डायरी लिहा म्हटलं की अशा मुली खोटं लिहितात, आणि तुम्हाला वाटतं पोरगी मन लावून करत नाही. तर लिहायचं काय आणि काय नाही ते ठरवायची सूट त्यांना द्या.

आणि राईनपाडा शिकवा. नक्की शिकवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती ती, भिक्षा मागून पोट भरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आमच्या मॅडमनी हे सांगून तिथेच थांबवलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या आजीच्या दारात गोसावी आला की ती काय करायची? माझी आजी सूपभर पीठ घालायची, कुठून आलात विचारायची, तिला त्यांचं सगळं माहीत असायचं. म्हणजे दारात आलेला तोच माणूस, आजीला ओळखीचा आणि फोन बघणाऱ्याला परका. ओळख कधी आणि कशी तुटली? एकटा व्हॉट्सअ‍ॅपच कारण की आधीच काही तुटलं होतं? आम्ही दोन तास बोलत होतो. डिजिटल माध्यमांचा अभ्यास संस्कृतीशिवाय करता येत नाही हे मला त्या दिवशी समजलं, व्याख्येतून नाही समजलं.

डेस्कवरचा:

वरचं सगळं मान्य, पण दुसरी बाजू कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितो. मी सतरा वर्षं मराठी पेपरच्या डेस्कवर आहे. दरवर्षी तुमच्याकडून मुलं इंटर्न म्हणून येतात. हॉल, मॅक्लुहान असे माध्यमांचे अभ्यासक सगळे येतात पण दोनशे शब्दांची बातमी शुद्ध मराठीत टाइप करता येत नाही. मुलं कर्ज काढून शिकतात, खोलीचं भाडं भरतात, त्यांना नोकरी लागली पाहिजे. 30 तासांतले निदान दहा तास हाताने काम करण्यात घाला, व्हिडिओ कापणं, मथळा देणं, तथ्य तपासणं.

आणि ज्याला तुम्ही थिअरी म्हणता ती तिथेही सापडते. मुलांना फोनवर 'आचाऱ्याला जेवणाचे पैसे दिले' टाइप करायला सांगा. निम्मी मुलं 'आचार्याला' लिहितील. अर्थ कुठल्या कुठे गेला. कारण हा 'ऱ्य' येण्यासाठी साधा र नाही, खाली टिंब (नुक्ता) असलेला ऱ लागतो, इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट आणि जे. हा उच्चार मराठी माणूस दिवसभर करतो, दऱ्या, वाऱ्यावर, पुऱ्या, आणि कळफलकावर तो शोधावा लागतो. का शोधावा लागतो, कळफलक आखताना कुणाची भाषा समोर असते, हा प्रश्न वर्गात विचारा.

दुसरं, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेली एखादी जुनी फाइल आणून त्यातला मजकूर मेलमध्ये पेस्ट करून दाखवा. सगळी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसेल. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असायचं, संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. म्हणून त्या काळातला किती मजकूर आज सर्च करून सापडत नाही. ज्या शहरात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने जिस्ट या तंत्रज्ञानावर काम केलं, भारतीय लिप्या संगणकावर आणल्या, त्या शहरातल्या माध्यमाच्या विद्यार्थ्याला हे माहीत नसावं याचं मला खरंच दुःख होतं.

जुने_मास्तर:

डेस्कवरचे, ऱ्यचा तास मी चोरणार होतो, पण निवृत्त झालोय, तर मॅडमच घेतील. तुमचं हाताने काम करण्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कुठलं हत्यार शिकवायचं ते जपून ठरवा. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं. आमच्याकडे एक मुलगा होता, शेतातले व्हिडिओ करायचा, मोठा प्रेक्षक होता त्याला, एका रात्रीत सगळं गेलं. तो परत उभा राहिला कारण त्याला ॲपची बटणं येत होती म्हणून नाही, आपल्याला बघतं कोण आणि का बघतं हे त्याला नेमकं माहीत होतं म्हणून. हे जे 'कोण आणि का' आहे त्यालाच मी थिअरी म्हणतो.

मॅडम, पुण्याचीच आणखी एक गोष्ट वर्गात सांगा, फार थोड्या पोरांना माहीत असते. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग झाला, युनेस्कोच्या मदतीने, आसपासच्या पाच जिल्ह्यांतली सुमारे 150 गावं. गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती जमायची, अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा, आणि त्यातून निघालेले प्रश्न केंद्राकडे परत जायचे. घोषवाक्यच होतं, ऐका, चर्चा करा, कृती करा. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं. जगभर विकासासाठी संज्ञापन शिकवताना याचा दाखला देतात आणि आपण पुण्यात बसून परदेशी उदाहरणं शोधतो. तुमचा सोयाबीनवाला मुलगा व्हरांड्यात जे करत होता ते आणि हे शेजारी शेजारी ठेवा. काय सारखं आहे? काय हरवलंय? श्रोता मंडळात शेजारी बसलेला माणूस चुकीचं बोलला तर तिथल्या तिथे सांगता यायचं, त्या व्हॉइस नोटवाल्याला तो मुलगा ओळखतो तरी का? यावर एक आख्खा निबंध होईल, आणि तो त्याला चॅटजीपीटीकडून लिहून घेता येणार नाही, कारण त्याच्या भावाच्या शेतात काय झालं ते फक्त त्यालाच माहीत आहे.

तासिकावाली_पुणे:

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. काल तास झाला म्हणून लगेच लिहितेय.

दवंडीपासून सुरुवात केली. त्या मुलाला म्हटलं तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणलंय, उशीर झाला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दवंडी कधीच बंद झाली, आता ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी कधी सुटणार, घरपट्टी कधी भरायची, सगळं त्यावर येतं. पण त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं." लगेच दुसरा म्हणाला, मग ती दवंडीच झाली की. तिसरी म्हणाली, नाही, दवंडीवाल्याला रस्त्यात थांबवून निदान शिव्या तरी देता येत होत्या. मग तर वर्ग सुटलाच. कुणाच्या गावात सरपंच कुणाला ग्रुपवर घेत नाही, कुणाच्या गावात वस्तीवरच्या लोकांचा वेगळा ग्रुप आहे, कुणाच्या आईला ग्रुपवर घेतलंय पण तिचा नंबर वडिलांचाच आहे. मी फळ्यावर काही लिहिलंच नाही, नुसती ऐकत होते. नावं, गावं वहीत लिहू नका एवढं मात्र आधी सांगितलं होतं, मास्तर, तुमची गोष्ट लक्षात होती. आणि तुमचा फोन असं एकदाही म्हटलं नाही, ताई.

ऱ्यचा तास पुढच्या आठवड्यात, त्यासाठी लॅब मिळते का बघतेय, नाही मिळाली तर फोनवरच.

शेवटची पाच मिनिटं उरली असताना पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी तीन आठवडे एक शब्द बोलली नव्हती, तिने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, त्या ग्रुपवर लिहिता येत नाही पण मेसेजवर अंगठा देता येतो. पाणी येणार नाही असा मेसेज आला की आमची अख्खी आळी रागाचं तोंड टाकते, आणि एकदा त्यावरून सरपंच खरंच घरी आले होते. मग हा संवाद झाला का?" तेवढ्यात बेल झाली. सोमवारी तिथूनच सुरू करणार आहे.